आधी दोर धरायला शिक

लिंगाण्याच्या मोहिमेची जाहिरात तू मला पाठवलीस आणि खाली एवढंच विचारलंस, "ताई, जाऊ का?" फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सवडीने बसून लिहितेय. आईला वाचून दाखवलंस तरी हरकत नाही, पण आधी तू एकटीने वाच. काही गोष्टी आपल्या दोघींतल्याच आहेत.

सगळ्यात आधी सांगते, मला फार आनंद झाला. आपण महाड-पोलादपूरची माणसं. कुठल्याही गावात उभं राहिलं की पूर्वेला सह्याद्रीची भिंत दिसते. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, मुलंमुली पाठीवर दोर घेऊन आपल्या अंगणावरून वर जातात आणि आपण ओट्यावरून बघत राहतो. हे कडे आपल्या घरचे. त्यांच्यावर चढायची इच्छा आपल्याकडच्या मुलीला झाली, यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही. तुझी इच्छा चुकीची नाही, हे मनात पक्कं धर. पुढचं सगळं बोलणं त्यानंतरचं.

आता उत्तर. या मोहिमेला जाऊ नकोस. लिंगाण्यावर मात्र नक्की जा, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या अकलेने, वर्षा-दीड वर्षाने.

का, ते सांगते. लिंगाणा आपल्या महाड तालुक्यातला, रायगड आणि तोरण्याच्या मधला. समुद्रसपाटीपासून जवळजवळ ३,००० फूट. शिवकाळात तिथे कैदी ठेवायचे, म्हणजे सुटून जाणं किती अवघड असेल ते बघ. वर कातळात खोदलेली गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत. लोक बहुतेक मोहरीकडून बोराट्याच्या नाळेने उतरून रायलिंग पठार आणि लिंगाणा यांच्या मधल्या खिंडीत येतात आणि तिथून दोर लावून चढतात. आपल्या बाजूला पायथ्याशी पाणे गाव. चढाई तांत्रिकदृष्ट्या जगातली सगळ्यात अवघड नाही, पण दोन्ही बाजूंना दरी आहे, घसारा आहे, पाय ठेवायला मिळेल ती जागा तुटपुंजी आहे, आणि चढण्याइतकंच उतरणंही दोरावरचं आहे. तिथे चूक सुधारायला दुसरी संधी मिळेलच असं नाही. माणसं तिथे जिवानिशी गेलेली आहेत.

तुझ्या जाहिरातीत लिहिलंय, "अनुभवाची गरज नाही." या तीन शब्दांवर माझा आक्षेप आहे. अनुभव नसलेल्या मुलीलाही दोराने वर नेता येतं, हे खरं. पण तिच्या कमरेची गाठ बरोबर आहे का, हे तिला कळत नाही. वरचा अँकर, म्हणजे दोर अडकवायचा आधार, एका मेखेवर आहे की तीन मेखांवर, हे ती विचारत नाही, कारण विचारायचं असतं हेच तिला माहीत नसतं. ती चढते, फोटो येतात, ती खाली येते. बहुतेक वेळा नीटच येते. पण त्या दिवशी ती जगली ती दुसऱ्याच्या शहाणपणावर. तू तशी चढावीस असं मला वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला एकाच ओळीचा आहे: चढायच्या आधी दोर धरायला शिक.

कातळावर एक जण चढत असतो तेव्हा दुसरा खाली उभा राहून त्याचा दोर सांभाळतो. याला बिले देणं म्हणतात. शिकताना दोर सहसा वरून लावलेला असतो: चढणाऱ्याच्या कमरेपासून वर अँकरपर्यंत आणि तिथून खाली बिले देणाऱ्याच्या हार्नेसवरच्या, म्हणजे कमर-मांड्यांच्या पट्ट्यांवरच्या, उपकरणात. तो वर सरकला की हा ढील ओढून घेतो. तो निसटला की हा दोर अडवतो आणि वरचा माणूस हात-दोन हात खाली येऊन लटकतो, बस. सगळा जीव त्या खालच्या हातात. नियम एकच, पण तो अंगात मुरायला महिने लागतात: दोर अडवणारा हात दोरावरून कधीही सुटता कामा नये. नाकावर माशी बसली तरी नाही, कुणी हाक मारली तरी नाही, फोटोसाठी तर नाहीच. दुसऱ्या हाताने काय हवं ते कर. चांगला बिले देणारा ओळखायचा तर त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नको, त्या हाताकडे बघ.

हे काम मुली फार छान करतात, असा माझा अनुभव आहे. लक्ष एका जागी ठेवणं, दुसऱ्याच्या हालचालीवरून तो दमलाय की घाबरलाय हे ओळखणं, योग्य वेळी "उजवा पाय थोडा वर, तिथे खाच आहे" एवढंच बोलणं. आणि हे करता करताच चढाई कळते. चढणाऱ्याचे पाय कुठे चुकतात हे खालून जितकं स्पष्ट दिसतं, तितकं स्वतः चढताना कधीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट गाठीची. आठाची गाठ, सगळे तिला फिगर एट म्हणतात. घरी जुनी दोरी घेऊन आजपासून सराव कर. टोकापासून साधारण हातभर अंतर सोडून इंग्रजी आठच्या आकाराची एक सैल गाठ मार. मग ते टोक हार्नेसच्या दोन्ही ठिकाणांतून, मांड्यांच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या कडीतून आणि कमरेच्या पट्ट्यातल्या कडीतून, खालून वर घे. आता टोकाने पहिल्या गाठीची वाट जशीच्या तशी गिरवत परत जा. शेवटी दोरीचे पदर जोडीजोडीने, एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी दिसले पाहिजेत. पाच ठिकाणी दोन-दोन पदर मोज. प्रत्येक पदर ओढून गाठ आवळ आणि बाहेर वीतभर शेपूट राहील असं बघ. ती गाठ आधी तू तपास, मग तुझा बिले देणारा तपासेल, आणि त्याचं उपकरण नि त्याच्या कॅराबिनरचा, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कडीचा, स्क्रू तू तपासशील. रोज, प्रत्येक चढाईआधी, कितीही वर्षं झाली तरी. मुरलेली माणसंही गप्पांच्या नादात अर्धवट गाठीवर चढलेली आहेत. घरच्या सरावाच्या दोरीवर मात्र लटकायचं नाही, ती फक्त बोटांना वळण लावायला.

दोरांतही फरक असतो. एक दोर ताणला जातो, त्याला डायनॅमिक म्हणतात. पडणाऱ्या माणसाचा झटका तो अंगावर घेतो. दुसरा जवळजवळ ताणत नाही, तो स्टॅटिक. तो रॅपलिंगला (म्हणजे दोरावरून उतरायला), सामान ओढायला, बचावकार्याला. पुढे राहून दोर लावत चढणाऱ्याच्या कमरेला स्टॅटिक दोर बांधलेला दिसला तर तिथून निघून ये. पडला तर दोर तुटणार नाही, त्याचं कंबरडं मोडेल. कॅराबिनरवर किलोन्यूटनचे आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने बहुधा २० च्या पुढे, म्हणजे दोन हजार किलोहून जास्त ताण. तोच कॅराबिनर आडवा पडला किंवा त्याचं तोंड उघडं राहिलं तर ताकद निम्म्याहूनही खाली येते. तो आकडा वाचायला शिक. हेल्मेट गिर्यारोहणाचंच हवं, मोटरसायकलचं नाही. आणि ते कड्याखाली उभं असतानाही डोक्यावर हवं, कारण दगड वरून येतो आणि तो तुला विचारून येत नाही. वरून कुणी "दगड!" ओरडलं तर वर बघायचं नाही, कड्याला चिकटायचं.

आता आपला कातळ कसा आहे ते समजून घे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि आपला सह्याद्री झाला. म्हणून आपल्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात. एक थर काळा, घट्ट, लोखंडासारखा. त्याच्यावरचा किंवा खालचा थर पोकळ्यांचा, तांबूस, हाताने भुगा होईल असा. मधल्या टप्प्यांवर गवत उगवतं, आणि ते सुकलं की त्यावर चप्पल काय, चांगला बूटही घसरतो. युरोपात आल्प्सच्या शामोनी खोऱ्यात ग्रॅनाइट आहे. तिथे भेगेत हात घालून माणूस निश्चिंतपणे वजन टाकतो. त्यांची पुस्तकं, त्यांचे व्हिडिओ जरूर बघ, पण आपल्या बेसॉल्टवर तसा भरवसा ठेवू नको. इथे प्रत्येक पकड आधी तपासायची. तळहाताच्या टाचेने दगडावर ठोक. टणक, भरीव आवाज आला तर तो मूळ कड्याला धरून आहे. पोकळ, डबडब आवाज आला तर तो सुटा आहे, त्याला हातही लावू नको. तपासलेली पकडही बाहेर ओढायची नाही, खाली दाबायची. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा कड्यावर जाणाऱ्याने तर फारच जपायचं, कारण पावसाने कुठला दगड मोकळा केलाय हे कुणालाच माहीत नसतं.

आणि पावसाळ्यात कातळाला हात लावायचा नाही. २२ जुलै २०२१ ला तळीयेत, केवनाळ्यात, साखर सुतारवाडीत दरडी कोसळून काय झालं ते तुला मी सांगायला नको. ती माणसं आपली होती. डोंगर पाणी पिऊन जड झाला की तो खेळायची जागा उरत नाही. शेवाळलेल्या कातळावर धबधब्याचं रॅपलिंग करायचं आमंत्रण आलं तर नम्रपणे नाही म्हण. आपला हंगाम दिवाळीनंतरचा, होळीपर्यंत. त्यानंतर कातळ इतका तापतो की दुपारी हात टेकवत नाहीत.

शामोनीचं नाव घेतलंच आहे तर तिथली एक गोष्ट ऐक. १८०८ साली माँ ब्लाँ या शिखरावर पहिली बाई पोचली, तिचं नाव मारी पाराडी. ती कुणी राजकन्या नव्हती, त्याच खोऱ्यातली गरीब कामकरी मुलगी होती. तिला तिथल्याच वाटाड्यांनी नेलं. पुढे १८२१ मध्ये त्या वाटाड्यांनी स्वतःची संघटना काढली, ती आजही चालू आहे. दोनशे वर्षं त्या खोऱ्यातल्या घरांत दोर धरणं हा मानाचा धंदा आहे. पोरं बापाकडून शिकतात, आता मुलीही शिकतात, परीक्षा देतात, परवाना मिळवतात. बाहेरून येणारा पाहुणा त्यांच्या भरवशावर चढतो आणि पैसे त्या गावात राहतात. हे वाचलं की मला पाणे, ढवळे, मोहरी ही गावं आठवतात. आपल्याकडे पाहुणे येतात, दोर त्यांचा, पुढारी त्यांचा, आणि आपल्या माणसाच्या वाट्याला येतं ते वाट दाखवणं आणि भाकरी थापणं. तेही चांगलंच काम आहे. पण दोरही आपल्या हातात का असू नये?

तू म्हणशील, ताई, हिरकणी कुठे शिकली होती? मला माहीत होतं तू हे म्हणणार, लहानपणापासून आपण तिच्याच गोष्टीवर वाढलो. दूध विकायला रायगडावर गेलेली बाई, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधवला, असं सांगतात. मला ती गोष्ट तुझ्याइतकीच प्रिय आहे. पण तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. तुझ्याकडे आहे. आणि एक लक्षात घे, त्या डोंगराखाली राहणारी बाई होती ती. रोज डोक्यावर ओझं घेऊन चढणारी-उतरणारी. कातळ कुठे धरतो आणि कुठे दगा देतो हे तिच्या पायांना ठाऊक असणारच. तिचं धाडस घ्यायचं असेल तर ती ओळखही घे.

ओळख पायांची असते, हे मुद्दाम सांगते, कारण मुली पहिल्यांदा कातळावर आल्या की म्हणतात, "माझ्या दंडांत ताकद नाही." कातळ पायांनी चढायचा असतो. हात फक्त तोल सांभाळतात. हातांवर चढणारे दणकट मुलगे मी दहा फुटांवर थरथरताना बघितलेत आणि बारीक चणीच्या मुली शांतपणे पाय रोवत वर जाताना बघितल्यात. अमेरिकेत एल कॅपिटन नावाची साधारण ३,००० फुटांची ग्रॅनाइटची भिंत आहे. तिच्यावरची 'नोज' नावाची वाट दोराचा आधार न घेता, केवळ हातापायांनी, १९९३ साली पहिल्यांदा कुणी चढली असेल तर ती लिन हिल. दोर फक्त पडलं तर वाचवायला. तिची उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास. तिच्याआधी तिथे भल्याभल्या पुरुषांनी प्रयत्न केले होते. आणि लांब कशाला जायचं, आंबेनळी घाट चढून पलीकडे गेलं की सातारा जिल्हा. तिथली प्रियांका मोहिते २०१३ साली एव्हरेस्टवर पोचली, २०२१ साली अन्नपूर्णेवर जाणारी पहिली भारतीय महिला ठरली आणि २०२२ साली कांचनजुंगा करून आठ हजार मीटरवरची पाच शिखरं करणारी पहिली भारतीय महिला. ज्या सह्याद्रीकडे तू खालून बघतेस, त्याच्याच घाटमाथ्यावरची ती.

आता पुढच्या वर्षाचा बेत. आधी पाय तयार कर. महिन्यातून दोनदा आपल्याच भागात फीर. मंगळगड कर. ढवळ्यावरून चंद्रगड कर. तिथे शेवटच्या टप्प्यात हात लावून चढावं लागतं, उंचीची भीती कितपत आहे ते तुझं तुलाच कळेल. दम वाढला की चंद्रगडावरून ढवळे घाटाने मढीमहालावर, म्हणजे आर्थर सीटवर, जाणाऱ्या जाणत्या मंडळींबरोबर जा. तो दिवसभराचा पल्ला आहे, जंगल दाट आहे, वाट चुकते, वाटाड्या गावातलाच घे.

त्याचबरोबर कातळाचं रीतसर शिक्षण. त्यासाठी थोडे दिवस घराबाहेर पडावं लागेल. पुण्या-मुंबईत कृत्रिम भिंती आहेत, आणि तिथल्या जुन्या संस्था हिवाळ्यात प्रस्तरारोहणाची शिबिरं घेतात. मुंबईची गिरिविहार १९५४ पासून आहे. २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचा विश्वचषक नवी मुंबईत झाला तो तिच्याच पुढाकाराने. पुण्याची गिरिप्रेमी तुला ठाऊक आहेच. पुढे मन लागलं तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम कर. १९६५ साली सुरू झालेली ही संस्था कातळावरचं शिक्षण टेकला इथल्या खडकांवर देते. तिथे महिनाभरात जी शिस्त लागते, ती आयुष्यभर पुरते. कृत्रिम भिंतीला कमी लेखू नको. टोकियोच्या ऑलिम्पिकपासून अशा भिंतींवरची चढाई हा ऑलिम्पिकचा खेळ आहे, आणि पडायचं कसं हे शिकायला अशा भिंतीहून सुरक्षित जागा नाही.

शिबिर असो की मोहीम, पैसे भरण्याआधी काही प्रश्न विचार. पुढारी कोण, त्याने कुठून काय शिक्षण घेतलंय? किती जणांमागे किती शिकवणारे? दोर किती जुना आहे, त्याची नोंद ठेवता का? राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी आहे का, विमा आहे का? प्रथमोपचार कुणाला येतो? कुणी जखमी झालं तर कुठल्या वाटेने खाली आणणार, जवळचं रुग्णालय कुठलं? सोबत अनुभवी बाई आहे का? मी अर्ध्यातून उतरते म्हटलं तर मला कोण खाली आणेल? चांगला माणूस या प्रश्नांनी खूश होतो आणि तपशीलवार सांगतो. जो वैतागतो, "एवढं काय घाबरता" म्हणतो, त्याच्याबरोबर जायचं नाही. मग जाहिरात कितीही देखणी असो.

आता फक्त आपल्या दोघींतलं. बाथरूमची पंचाईत नको म्हणून मुली पाणी पीत नाहीत. हे अजिबात करू नको. कमी पाण्याने पोटरीत गोळे येतात, डोकं गरगरतं, आणि ते कड्यावर झालं तर काय? जाण्याआधीच सोबतच्या मुलींशी बोलून आडोशाची जागा ठरवा, एकीने उभं राहायचं, संपलं. पाळी आली म्हणून कातळ विटाळत नाही. बरं वाटत असेल तर चढ, पोट दुखत असेल तर नको चढू, आणि मोहिमेतल्या एका ताईला सांगून ठेव. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून पिशवीत घालून घरी आण, दरीत टाकायचं नाही. हातात बांगडी, बोटात अंगठी नको. अंगठी खाचेत अडकली आणि वजन पडलं तर बोट जातं. ओढणी घरी ठेव. वेणी घट्ट घालून टीशर्टच्या आत टाक. रॅपलिंगच्या उपकरणात केस अडकले तर माणूस तिथेच लटकून राहतो, ना वर ना खाली. हार्नेस बांधताना शिकवणाऱ्याचा हात कुठे असावा हे तू ठरवायचंस. पट्टा कसा आवळायचा ते बघून घे आणि स्वतः आवळ, त्याने फक्त डोळ्यांनी तपासायचं. कुणाचा स्पर्श खटकला तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांग. संकोच तुला नाही, त्याला व्हायला हवा.

कड्यावर आपल्या आधीपासून राहणाऱ्यांचंही भान ठेव. आग्या माश्यांची पोळी ओव्हरहँगच्या, म्हणजे पुढे आलेल्या कातळाच्या, सावलीत असतात. अत्तर, डिओ नको, धूर नको, आरडाओरडा नको. आदल्या दिवशी गावात विचार, यंदा मोहोळ कुठे बसलंय ते गुराख्यांना ठाऊक असतं. लांब चोचीची गिधाडं कड्याच्या कपारींत घरटी करतात आणि हिवाळ्यातच अंडी घालतात, नेमकं आपल्या हंगामात. नाणेमाचीकडे महाडच्या सीस्केप संस्थेने गिधाडांसाठी किती वर्षं खपून काम केलंय! कपारीखाली पांढरी विष्ठा ओघळलेली दिसली तर ती वाट सोडून द्यायची. रायगडाच्या तटाबुरुजांवर आणि गांधारपाल्याच्या लेण्यांवर चढाईचा सराव करायचा नाही. ती संरक्षित स्मारकं आहेत. तिथे जायचं ते डोकं टेकवायला.

सगळ्यात अवघड गोष्ट चढणं नाही, "मी उतरते" म्हणणं आहे. सगळे वर बघतायत, पैसे भरलेत, कुणीतरी म्हणतं, "एवढंच राहिलंय, चल." अशा वेळी आतून नको वाटलं तर ते ऐक. भीती दोन प्रकारची असते. एक पोटात गोळा आणणारी, दोन खोल श्वास घेतले आणि पाय नीट रोवला की ती मागे पडते. दुसरी सांगते की काहीतरी चुकतंय: ऊन वाढलंय, पाणी संपलंय, पुढारी घाईत आहे, अँकर डोळ्यांना पटत नाही. पहिलीशी झुंज घे. दुसरीचं मुकाट ऐक. कडा पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

आणि हे सगळं शिकून काय करायचं, तेही सांगते. २८ जुलै २०१८ चा दिवस आठव. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात शेकडो फूट दरीत गेली. भर पावसात, धुक्यात, निसरड्या उतारावरून खाली कोण उतरलं? महाबळेश्वरच्या आणि आपल्या भागातली ट्रेकर पोरं, दोर लावून. कड्यावर हौसेने शिकलेलं त्या दिवशी कामी आलं. आजही राज्यात गिर्यारोहकांनी मिळून चालवलेलं बचाव समन्वय केंद्र आहे. हाक आली की ही माणसं कामधंदा सोडून निघतात. आपला तालुका घाटांचा, दरडींचा, पुरांचा आहे. इथे गाठ मारता येणारी, अँकर लावता येणारी, न घाबरता दोर धरून उभी राहणारी माणसं जितकी असतील तितकी थोडीच. त्यांत मुली का नसाव्यात?

आईशी बोलायचं तर भांडून बोलू नको. तिच्या काळजीला कारण आहे. तिने डोंगर कोसळताना पाहिलाय. तिला फोटो दाखवू नको, ही प्रश्नांची यादी दाखव. कुणाबरोबर जाणार, केव्हा परतणार, रेंज नसेल तर कुणाचा निरोप येईल, हे कागदावर लिहून दे आणि ती वेळ पाळून घरी ये. दोनदा-तीनदा तू दिलेल्या वेळेत परतलीस की चौथ्यांदा ती स्वतः डबा भरून देईल. कुणी लग्नाचा विषय काढून "हाताला घट्टे पडलेली मुलगी कोण करणार" वगैरे म्हटलं, तर त्याला माझ्याकडे पाठव, मी बघते.

तेव्हा या रविवारी लिंगाण्याचे पैसे भरू नको. तेच पैसे बाजूला ठेव, हिवाळ्यातल्या शिबिराला लागतील. आजपासून आठाची गाठ सुरू कर, डोळे मिटून जमेपर्यंत. शिबिरातून आलीस की आपण दोघी ढवळ्याला जाऊ, तिथल्या एखाद्या सोप्या कातळावर तू दोर धर, मी चढते. तुझा हात पक्का आहे अशी माझी खात्री पटली की लिंगाण्याची तारीख तूच ठरव.